दुसऱ्याची भाषा शिकायची? मग नुसत्या गप्पा नकोत, काम घेऊन बसा!

भाषेवरच्या व्हिडिओत वेळेअभावी बरंच सांगायचं राहिलं. ते इथे सविस्तर देतो.

आपलं बोनकोडे मूळचं आगरी गाव. पण गावठाणातून बाहेर पडून कोपरखैरण्याच्या सेक्टरमध्ये एक चक्कर मारा. एकाच बिल्डिंगमध्ये सातारा, कच्छ, केरळ, उत्तर प्रदेश असे सगळीकडचे लोक. रेल्वेने पुढचंच स्टेशन तुर्भे, आणि तिथे एपीएमसी मार्केट. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार. मशीद बंदर भागातले धान्य-मसाल्याचे व्यापारी तिथे आले, तेव्हा त्यांच्याबरोबर पेढीवरची गुजराती आणि कच्छीही आली. लोक ॲपवर भाषेचा जोडीदार शोधत बसतात. आपल्याला तो माल घ्यायला गेल्यावर समोरच बसलेला असतो!

भाषेची देवाणघेवाण म्हणजे काय?

साधा व्यवहार आहे. तू मला तुझी भाषा शिकव, मी तुला माझी शिकवतो. फी नाही, क्लास नाही. युरोपात या पद्धतीला 'टँडम' म्हणतात, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. एकच जण पाय मारत राहिला, तर तो लवकरच दमतो.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घ्या. त्यांचा घरगुती मसाल्यांचा धंदा. मिरची-धणे आणायला मसाला मार्केटला जातात. त्यांच्याच बिल्डिंगमध्ये गुजरातहून नवीन आलेली एक सून. तिला मराठी हवी होती, मुलाच्या शाळेसाठी आणि शेजारणींशी बोलायला. दोघींनी आठवड्यातून दोनदा अर्धा तास ठरवला. पहिल्या आठवड्यात काय झालं? "केम छो", "मजामां", आणि तिसऱ्या मिनिटाला दोघी हिंदीवर! नवी मुंबईत हेच होतं. अडलं की हिंदी हाताशी असते. गप्पा छान होतात, शिकणं शून्य.

मग पद्धत बदलली. तीच तुम्हीही वापरा.

१. वेळ अर्धा-अर्धा वाटा. मोबाईलवर १५ मिनिटांचा टायमर लावा. पहिली १५ मिनिटं फक्त गुजराती, नंतरची १५ फक्त मराठी. शब्द अडला तर हाताने दाखवा, चित्र काढा, पण हिंदीवर जाऊ नका. आणि जोडीदाराची १५ मिनिटं कधीच खाऊ नका. उधारी फेडल्यासारखी वेळेत द्या.

२. विषय नको, काम आणा. "आज कशावर बोलूया?" इथेच गाडी अडते. ताई मिरचीचं बिल घेऊन बसायला लागल्या. भाव, वजन, उधारीची मुदत, माल परत करणं, सगळं त्या एका कागदावर असतं. "आमां कंई ओछुं थशे?" म्हणजे "यात काही कमी होईल का?" हे एक वाक्य पुस्तकातल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कामाचं. सूनबाई शाळेची नोटीस आणायच्या.

३. आकडे आणि दिवस आधी पक्के करा. आपल्या पाढ्यातलं 'बे' गुजरातीत रोजचं 'दोन' आहे, आणि दोनशे म्हणजे 'बसो'. 'दोढसो' म्हणजे दीडशे, 'अढीसो' म्हणजे अडीचशे. कान लवकर बसतो. पण 'काले' या शब्दाला जपा. आपल्या कानाला 'काल' ऐकू येतं, गुजरातीत मात्र तो कालही असतो आणि उद्याही. "काले माल आवशे" म्हणजे माल उद्या येईल. "काले आव्यो" म्हणजे काल आला. 'गई काले' म्हणजे काल, 'आवती काले' म्हणजे उद्या. सणाच्या तोंडावर ऑर्डर घेताना हा फरक किती महाग पडेल, विचार करा. शंका आली की सरळ तारीख विचारा.

४. "का?" विचारू नका, "तुम्ही कसं म्हणाल?" विचारा. समोरचा मास्तर नाही. सूनबाई "भाजी घेतलं" म्हणाल्या तेव्हा ताईंना व्याकरण सांगता येईना, पण "आम्ही 'घेतली' म्हणतो" हे लगेच सांगता आलं. तेवढं पुरतं. चूक मध्येच तोडू नका. बोलणं संपल्यावर फक्त तीन चुका सांगा. दहा सांगितल्या तर माणूस पुढच्या वेळी येतच नाही.

५. त्याच दिवशी वापरा. वहीत तीन वाक्यं लिहा आणि रात्रीच्या आत एकदा तरी खऱ्या माणसाशी बोला. ताई मार्केटमध्ये तोडकी-मोडकी गुजराती बोलायला लागल्या. भाव लगेच उतरला, असं मी सांगणार नाही. पण माल कुठला, नवा की जुना, पुढच्या आठवड्यात भाव चढेल का, हे त्या आता विचारतात आणि उत्तर त्यांना समजतं. खरेदीत हेच तर पैसे वाचवतं.

आणखी दोन गोष्टी

पहिली, घरी कुठली भाषा बोलता हे आधी विचारा. कच्छी माणसाला गुजराती येते, पण कच्छी ही वेगळी भाषा आहे. त्याच्या घरच्या भाषेतले दोन शब्द शिकलात, तर माणूस जवळ येतो.

दुसरी, मराठी येते म्हणून आगरीकडे दुर्लक्ष करू नका. बाहेरून येऊन इथे दुकान टाकलं असेल तर गावातल्या काका-मावशींशी बोला. गाडीला 'गारी', पाण्याला 'पानी' हे ऐकून हसायचं नाही, कान द्यायचा. ती अशुद्ध मराठी नाही, त्यांची बोली आहे. बदल्यात काय द्याल? मोबाईलवर बिल कसं भरायचं ते शिकवा. देवाणघेवाण झालीच की!

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या सगळ्यात मोठ्या सप्लायरची किंवा गिऱ्हाइकाची भाषा कोणती, ते लिहा. ती बोलणारा एक ओळखीचा माणूस शोधा. तुम्ही त्याला काय देऊ शकता, हे आधी ठरवा आणि मगच विचारायला जा.