छतावरील सौरवीज आणि वितरण अभियंत्याचे प्रशिक्षण

वीज वितरणाची पारंपरिक रचना एकेरी प्रवाह गृहीत धरून उभी राहिली. उपकेंद्रातून निघालेली वीज उच्चदाब वाहिनीने रोहित्रापर्यंत आणि तेथून लघुदाब वाहिनीने ग्राहकाच्या मीटरपर्यंत पोहोचते. वाटेत दाब उतरत जाणार हे हिशेबात धरूनच रोहित्राचा टॅप ठरवला जातो. दुपारी घरातील वापरापेक्षा छतावरील निर्मिती अधिक झाली, की उरलेली वीज त्याच तारांवरून उलट वाहू लागते आणि हे गृहीतक मोडते. छतावरील सौरसंचांच्या जोडणीसाठी वितरण कंपन्यांच्या अभियंत्यांना द्यावयाच्या प्रशिक्षणाचा गाभा हा बदल समजून घेण्यात आहे.

या प्रशिक्षणाच्या क्षेत्रातील दोन प्रमुख केंद्रीय संस्था म्हणजे गुरुग्रामजवळील ग्वालपहाडी येथील राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आणि केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्था. दुसरीचे मुख्यालय फरिदाबादला असून नागपुरातही तिचे केंद्र आहे.

प्रशिक्षणातील पहिला विषय दाब चढण्याचा आहे. त्याची अवघड बाजू एका साध्या गणितातून स्पष्ट होते. वाहिनीच्या टोकाला एकाच फेजवर चार घरे असून प्रत्येक छतावर 3 किलोवॅटचा संच आहे, तसेच फेज व न्यूट्रल मिळून तारेचा रोध 0.4 ओहम आहे, असे मानू. एका संचाचा प्रवाह सुमारे 13 अँपिअर असतो, त्यामुळे चारही संच पूर्ण क्षमतेने वीज बाहेर सोडू लागले की टोकाचा दाब सुमारे 21 व्होल्टने चढतो. मूळ दाब 235 व्होल्ट असेल, तर तो 256 वर जातो. 230 व्होल्टच्या 110 टक्के म्हणजे 253 व्होल्ट ही मर्यादा ओलांडली जाताच इन्व्हर्टर बंद पडतात आणि ग्राहकाची तक्रार येते. अशा वेळी इन्व्हर्टर बदलण्याआधी संच तिन्ही फेजवर विभागणे, टॅप तपासणे किंवा तार जाड करणे हे उपाय पाहावे लागतात.

दुसरा विषय सुरक्षिततेचा आहे. दुरुस्तीसाठी वाहिनी बंद केल्यावरही छतावरील संच तिच्यात वीज सोडत राहिला, तर वाहिनीचा तेवढा तुकडा बेटासारखा जिवंत राहतो. यालाच आयलंडिंग म्हणतात आणि खांबावरील लाइनमनच्या दृष्टीने ते जिवावरचे संकट असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या विनियमांनुसार असे बेट तयार झाल्यास संचाने 2 सेकंदांत वीज सोडणे थांबवले पाहिजे. म्हणूनच जोडणीपूर्व तपासणीत जाळ्याकडील स्विच बंद करून इन्व्हर्टर थांबतो की नाही हे प्रत्यक्ष पाहिले जाते. त्याचबरोबर अर्थिंग, तडितरक्षक आणि आयात व निर्यात वेगवेगळी नोंदवणारा नेट मीटर यांचीही तपासणी होते. तरीही इन्व्हर्टरवर विसंबून न राहता वाहिनी तपासून, अर्थ करूनच काम सुरू करण्याची शिस्त सुटता कामा नये.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने 1 कोटी घरांसाठी छतावरील सौरसंचांची पीएम सूर्यघर योजना मंजूर केली. त्याच महिन्यात वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीचे नियम बदलून 10 किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाविना स्वीकृत मानण्याची तरतूद झाली, तर 5 किलोवॅटपर्यंतच्या जोडणीसाठी लागणारे वितरण यंत्रणेचे बळकटीकरण कंपनीने स्वखर्चाने करावे असे ठरले. ग्राहकाची वाट त्यामुळे सुकर झाली. मात्र अशा प्रत्येक अर्जाच्या निमित्ताने होणारी रोहित्राची तपासणी उरली नाही. प्रत्येक रोहित्रावर आणि प्रत्येक फेजवर किती सौर क्षमता जोडली गेली याची नोंद अभियंत्याला आता आपणहून ठेवावी लागते, आणि प्रशिक्षणाचा भरही कागदपत्रांच्या छाननीकडून संपूर्ण वाहिनीच्या अभ्यासाकडे वळवणे त्यामुळेच आवश्यक ठरते.