अँपिअरचा अंदाज, वायरचा मिजाज!

घोटीकर, भातगिरणीची मोटर सुरू होताना आजूबाजूचे दिवे क्षणभर मंदावतात, पाहिलंय ना? त्या एका क्षणात तारेतून काय धावतं, ऐकाल तर चाट पडाल. चला, करंटची झटपट सैर... तीही बिनशॉकची!

स्टार्टलाच धमाका!
10 एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण 14 अँपिअर घेते. पण डायरेक्ट सुरू केली तर पहिल्याच दणक्यात सहा-सात पट करंट ओढते! म्हणून मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. तो हा दणका एक-तृतीयांशावर आणतो.

इगतपुरीला इंजिन का बदलायचं?
माहीत आहे का? कसारा घाटात रेल्वेसाठी 1930 च्या सुमारास वीज आली ती 1,500 व्होल्ट डीसी. घोटीच्या बाजूला मात्र नंतर 25,000 व्होल्ट एसी आली. म्हणून कित्येक वर्षं इगतपुरीत इंजिन बदलावं लागे. आता मुंबईपर्यंत 25,000 च! फायदा? 5,000 एचपीच्या इंजिनाला 1,500 व्होल्टवर सुमारे 2,500 अँपिअर लागतात, 25,000 वर जेमतेम 150. व्होल्टेज वाढलं, तार सडपातळ झाली!

तारांचं प्राणिसंग्रहालय
डोक्यावरून जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तारांना चक्क प्राण्यांची नावं आहेत! 'स्क्विरल' 20 चौरस मिमी, 'रॅबिट' 50, 'डॉग' 100, 'पँथर' 200, तर 'झेब्रा' थेट 420. इथे झेब्रा पँथरला भारी पडतो, बरं का!

टाँग टेस्टरची जादू
करंट मोजायला वायर कापायची नाही, सोलायची नाही. जबडा उघडा, वायर आत घ्या, आकडा समोर! आता गंमत: फेज आणि न्यूट्रल एकत्र जबड्यात पकडा, रीडिंग शून्य! जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र पुसून टाकतात. शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी याच युक्तीवर चालतो. जाण्यायेण्यात 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की सप्लाय कट, जीव सेफ!

करंट फारच बारीक आहे? त्याच वायरचे 10 वेढे जबड्यात घ्या आणि रीडिंगला 10 ने भागा. झालं काम!

इलेक्ट्रॉन? गोगलगायीहूनही स्लो!
1 अँपिअर म्हणजे दर सेकंदाला 624 वर 16 शून्यं इतके इलेक्ट्रॉन. वेग किती असेल? 1 चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेत 1 अँपिअर डीसी असेल, तर तासाला फक्त 26 सेंटीमीटर! घरातल्या एसीत तर ते सेकंदाला 50 वेळा जागच्या जागी झुलतात. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करत धावतं.

एक गिझर, 220 दिवे
2,000 वॉटचा गिझर 8.7 अँपिअर खातो. तेवढ्यात 9 वॉटचे सुमारे 220 एलईडी उजळतील! म्हणूनच दिव्याला 1 चौरस मिमीची वायर चालते, गिझरला अडीच लागते.

वाटेतच व्होल्ट गुल
घरापासून 100 मीटरवरच्या शेडला अडीचची वायर टाकून 16 अँपिअर ओढले, तर 230 पैकी सुमारे 24 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. अंतर वाढलं की वायरही जाड हवी.

एमसीबी कुणाचा बॉडीगार्ड?
फ्रिजचा? टीव्हीचा? नाही हो, वायरचा! करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वायर वितळण्याआधी एमसीबीचा खटका खाली पडतो. सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे आगीला आवतण.

तर मंडळी, दुकानात भाव विचारण्याआधी वॉटला 230 ने भागा आणि अँपिअर काढा. आयएसआय मार्क बघूनच वायर घ्या आणि फिटिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वायरवर वाचवलेले चार पैसे घरापेक्षा मोठे नाहीत!