श्रवणभक्ती, ख्रिस्ती (खानदेश)

परमेश्वराचे वचन ऐकणे व तदनुसार वागणे, ही ख्रिस्ती भक्तीची मूलभूत क्रिया. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय १०) विश्वासाचा उगम श्रवणात सांगितला आहे. जुन्या करारातील बाल शमुवेल हा अशा श्रोत्याचा आदर्श होय. नवविधा भक्तीत श्रवण प्रथम असल्याने महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व कीर्तन यांद्वारा तिला मराठी रूप दिले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

पूर्व खानदेशात (जळगाव) ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, तर पश्चिम खानदेशात (धुळे आणि १९९८ मध्ये त्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा) स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन यांनी कार्य केले. पश्चिमेकडील मंडळ्यांत भिल्ल व मावची समाजांचा भरणा आहे. शास्त्रवाचनाची भाषा मराठी असली, तरी अनेकांची घरची बोली भिली, मावची वा अहिराणी असते. छापील शास्त्र व चर्चच्या वास्तू मागे राहतात. बोलीतील अलिखित गीते व वृद्धांची साक्ष मात्र ऐकणारा असेपर्यंतच टिकते. त्यामुळे कौटुंबिक उपासनेला या वारशाच्या जतनात विशेष महत्त्व आहे.