कॅराव्हॅनसाठी पाण्याची नळी : आटोपशीर हवी, पण पिण्यायोग्यही हवी

केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गोव्यातून चोर्ला घाटमार्गे हंपीकडे किंवा किनाऱ्याने कोकणाकडे स्वतःच्या ‘चाकांवरच्या घरा’तून जाण्याचा विचार आता अनेक कुटुंबे करू लागली आहेत. अशा वाहनासाठी बिछाना, शेगडी, शीतकपाट यांची निवड चिकित्सेने होते. पाण्याची नळी मात्र बहुधा शेवटच्या दिवशी, जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून, जी स्वस्त मिळेल ती आणली जाते. पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि दात घासण्याचे सारे पाणी याच नळीतून टाकीत येते, हे तेव्हा ध्यानात घेतले जात नाही.

आधी साहित्य, मग आकार

बागेला पाणी घालण्याची हिरवी नळी पिण्याच्या पाण्यासाठी तयार केलेली नसते. स्वस्त पीव्हीसी मऊ करण्यासाठी थॅलेटसारखी द्रव्ये वापरली जातात आणि टोकांच्या पितळी जोडांत शिसे असू शकते. नळीत पाणी साचून उन्हाने तापले की हे घटक पाण्यात उतरण्याची शक्यता वाढते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे ‘आयएस १०५००’मध्ये, शिशाची मर्यादा लिटरमागे अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे वेष्टनावर ‘पिण्याच्या पाण्यासाठी योग्य’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा. आयात केलेली नळी असेल तर ‘एनएसएफ ६१’ या अमेरिकी मानकाचा शिक्का आहे का ते तपासावे. अमेरिकेत अशा नळ्या बहुधा पांढऱ्या वा निळ्या रंगाच्या असतात; परंतु केवळ रंग हा पुरावा नव्हे.

आटोपशीर नळीचे तीन प्रकार

पहिला प्रकार आपोआप लांबणाऱ्या नळीचा. आत लवचिक रबरी नलिका आणि बाहेर कापडी आवरण अशी तिची रचना असते. पाणी सुरू केले की ती लांबते, बंद केले की आक्रसते. जागा सर्वांत कमी लागते. मात्र ती नीट लांबण्यासाठी साधारणतः दोन ते तीन बार दाब लागतो. अमेरिकेतील कॅम्पग्राउंडवर तो सहज मिळतो. आपल्याकडे बहुतेक नळांना छतावरील टाकीतून पाणी येते. टाकी नळापासून पाच मीटर उंच असेल तर दाब जेमतेम अर्धा बार भरतो. अशा नळावर ही नळी अर्धवट लांबते आणि टाकी भरण्यास बराच वेळ लागतो. शिवाय आतील नलिका काट्याकुट्यांनी व उन्हाने लवकर फाटते.

दुसरा प्रकार चपट्या नळीचा. रिकामी असताना ती पट्ट्यासारखी गुंडाळता येते आणि कमी दाबावरही चालते. मात्र पाणी सोडण्यापूर्वी ती पूर्ण उलगडावी लागते आणि गुंडाळण्यापूर्वी आतले पाणी काढावे लागते. या दोन्ही गोष्टींचा कंटाळा असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रकार म्हणजे लहान व्यासाची, जाळीदार थराने बळकट केलेली साधी गोल नळी. ती थोडी अधिक जागा घेते. पण पिळा पडला तरी लगेच सुटते, कमी दाबावर चालते आणि वर्षानुवर्षे टिकते. आपल्याकडील नळांचा विचार करता पहिल्यांदा नळी घेणाऱ्यास हीच अधिक सोयीची.

व्यास, लांबी आणि जोड

अर्धा इंच आतील व्यासाच्या ७.५ मीटर नळीत सुमारे एक लिटर पाणी मावते. ५/८ इंचाच्या तेवढ्याच नळीत दीड लिटर. फरक किरकोळ वाटतो. पण एकाच दाबावर मोठ्या व्यासाच्या नळीतून सुमारे पावणेदोन पट पाणी येते. नळाचा दाब कमी असेल तर हा फरक शंभर लिटरची टाकी भरताना प्रकर्षाने जाणवतो. लांबीच्या बाबतीत एकच १५ मीटरची नळी घेण्यापेक्षा ७.५ मीटरच्या दोन घ्याव्यात. एरवी एक पुरते, गरज पडल्यास दोन्ही जोडता येतात.

जोडाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकी नळीच्या पाऊण इंची जोडाला इंचाला साडेअकरा आटे असतात, तर आपल्याकडील बीएसपी जोडाला चौदा. आकार सारखा दिसला तरी ते एकमेकांत नीट बसत नाहीत. म्हणून अर्धा आणि पाऊण इंची बीएसपी अडॅप्टर, आटे नसलेल्या तोटीसाठी रबरी जोड व क्लॅम्प आणि काही जादा वॉशर एका डबीत ठेवावेत. याउलट एखाद्या रिसॉर्टमध्ये पंपाने जोरात पाणी येत असेल आणि नळी थेट वाहनाच्या जलवाहिनीला जोडायची असेल, तर सुमारे तीन बारवर दाब रोखणारा रेग्युलेटर नळापाशी बसवावा. अन्यथा आतले जोड सुटून वाहनात पाणी शिरते.

वापरातील पथ्ये

पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची टाकी धुण्याची नळी कधीही एक असू नये. दोन्ही एकाच खणात ठेवू नयेत. टाकी भरताना नळीचे टोक पाण्यात बुडू देऊ नये. नळाचा दाब अचानक गेला तर पाणी उलटे ओढले जाते. जोडणी केल्यावर पहिले दोन-तीन लिटर पाणी वाहू द्यावे.

२५ ते ४५ अंश तापमानात साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जीवाणू वाढतात, आणि गोव्यात उभ्या वाहनातील खण वर्षातील बहुतेक काळ याच तापमानात असतो. म्हणून वापरानंतर नळी उंचावर टांगून पूर्ण निथळवावी, सुकल्यावर दोन्ही टोके एकमेकांना जोडून ठेवावी. हंगामाच्या प्रारंभी पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे एक मिलिलिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून ते नळीत काही तास भरून ठेवावे आणि नंतर वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. त्यानंतरही पाण्याला प्लास्टिकचा वास वा चव येत असेल, तर ती नळी बागेसाठी ठेवून पिण्यासाठी नवी घ्यावी.