सहकुटुंब प्रवास : वाई-महाबळेश्वर की दापोली?

शेतकऱ्याच्या घरातील सर्व माणसांनी मिळून चार दिवस परगावी जाण्याचा योग क्वचितच येतो. लग्नकार्य, यात्रा अथवा बाजार ह्या निमित्ताने घरधनी गावाबाहेर पडतो. परंतु स्त्रिया व वृद्ध माणसे ह्यांचे आयुष्य बहुतांशी घर, गोठा आणि शेत ह्या तीन ठिकाणीच सरते. पेरणी उरकली की जाऊ, सुगी झाली की जाऊ, असे म्हणता म्हणता वर्षे लोटतात. आणि ज्या मातापित्यांस समुद्र दाखवावयाचा, त्यांचे पाय तोपर्यंत चालेनासे होतात. म्हणून हा विषय आम्ही चैनीचा समजत नाही, कर्तव्याचा समजतो. आणि योग थोडे, म्हणूनच स्थळाची निवड विचारपूर्वक झाली पाहिजे.

देशावरील आमच्या वाचकांपुढे बहुधा दोन प्रदेश येतात. एक वाईपासून महाबळेश्वरापर्यंतचा डोंगराळ मुलूख, आणि दुसरा दापोली तालुक्याचा समुद्रकाठ. ह्यांपैकी अधिक रमणीय कोणता, ह्या वादात आम्ही शिरत नाही. वस्तुतः दोघांचे नाते पाण्याचे आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली कृष्णा पूर्वेस वळून बंगालच्या उपसागरास मिळते, तर सावित्री पश्चिमेस कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्र गाठते. निवड करावयाची ती शोभेवरून नव्हे. कोणत्या ऋतूत जावयाचे, कोणास घेऊन जावयाचे आणि काय शिकून यावयाचे, ह्या तीन प्रश्नांवरून.

प्रथम ऋतूचा विचार करू. महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीची रोपे पावसाळ्याच्या अखेरीस लागतात आणि फळांची तोड साधारणतः मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत चालते. ज्यांची रब्बीची ज्वारी उभी आहे आणि काढणीस अवकाश आहे, त्यांस पौषातील चार दिवस तेथे जाण्यास उत्तम. मात्र थंडी कडक असते, घोंगड्या व गरम कपडे बरोबर असावेत. वैशाखात तेथील हवा सुखद असली तरी गर्दी फार, आणि खोल्यांचे भाडेही चढलेले असते. दापोलीकडे चैत्र-वैशाखात हापूस आंबा मिळतो खरा. पण घामट उकाडा देशावरच्या माणसास, विशेषतः वृद्धांस, सोसत नाही. त्या बाजूस जाण्यास भाऊबीजेनंतरचे दिवस आम्हांस अधिक पसंत आहेत. भाताची कापणी उरकत आलेली असते, डोंगरांवरील गवत अद्याप पुरते वाळलेले नसते आणि मुलांच्या शाळांस सुट्टी असते. राहण्याची सोय मात्र आधी ठरवून ठेवावी. भर पावसाळ्यात दोन्ही प्रदेश टाळावेत. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वरी एका दिवसात ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, आणि कोकणात उतरणाऱ्या अंबेनळी घाटाचा रस्ता खचून वाहतूक बंद पडली, हे विसरता कामा नये.

दुसरा प्रश्न माणसांचा. ज्यांच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत आणि ज्यांस दोन दिवसांहून अधिक सवड नाही, त्यांनी वाईची वाट धरावी. ढोल्या गणपतीचे दर्शन, कृष्णेचा घाट, मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी व महाबळेश्वर, इतके दोन दिवसांत स्वस्थपणे होते. मोटार बहुतेक ठिकाणी जवळ जाते. त्यामुळे अशक्त माणसांचे हाल होत नाहीत. दापोलीस निदान चार दिवस हवेत, कारण जाण्यायेण्यातच दोन मोडतात, आणि घाटाच्या वळणांनी पुष्कळांस मळमळते. परंतु तेथे पोहोचल्यावर कर्दे, मुरुड येथील सपाट पुळणीवर म्हातारी माणसेही सावकाश फिरू शकतात. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहावा आणि समोरच्या सुवर्णदुर्गाचे दर्शन घ्यावे. ओहोटीच्या वेळी मुलांस पाण्यात सोडू नये, आणि तेथील लोक नको म्हणतील तेथे मोठ्यांनीही उतरू नये.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. काही कुटुंबे खर्च वाचविण्यासाठी पीठ, तांदूळ व शेगडी बरोबर नेतात. पुरुष सूर्यास्त पाहतात आणि घरची लक्ष्मी परमुलखात भाकऱ्या थापीत बसते. तिच्यासाठी हा प्रवास कसला? एक दिवस कमी राहावे, पण घरगुती खाणावळीत जेवावे. बायकांस तयार ताट मिळणे, हीच त्यांची खरी विश्रांती होय.

तिसरा प्रश्न शिकण्याचा. वाईपासून महाबळेश्वर अवघे सुमारे ३० किलोमीटर. पण माथ्यावर वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि खाली वाईस त्याचा लहानसा अंश. डोंगर ढगांस कसा अडवितो, हे मुलांस पुस्तकापेक्षा त्या घाटात लवकर समजते. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील गादीवाफे, आच्छादन आणि ठिबक ह्यांची मांडणी पाहून भाजीपाला करणाऱ्यास पुष्कळ घेता येईल. जवळच्या मांघर गावास २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला. कांद्याचे बी अथवा सूर्यफूल घेणाऱ्याने तेथील मधपेट्या अवश्य पाहाव्यात. परागीभवनाचे मोल ध्यानी येईल.

दापोलीस १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषि विद्यापीठ आहे. नीलम व हापूस ह्यांच्या संकरातून तेथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली ‘रत्ना’ ही आंब्याची जात १९८१ साली प्रसारित झाली. हापुसास लागणारा साका तिच्यात होत नाही. नारळ-पोफळीच्या सावलीत मिरी व जायफळ घेऊन एकाच जमिनीतून अनेक उत्पन्ने काढण्याची वाडीची रीत डोळे उघडणारी आहे. आणि त्याहून मोठा धडा हा की, जेथे ३,००० मिलिमीटरांवर पाऊस पडतो, तेथेही वैशाखात कित्येक विहिरी तळ गाठतात. पाऊस पडणे निराळे आणि पाणी राहणे निराळे. आपल्या कोरडवाहू भागातील माणसाने हे तेथील शेतकऱ्याच्या तोंडूनच ऐकावे.

मात्र मोहाने हापुसाची कलमे मोटारीत भरून आणू नयेत. कोकणातील निचऱ्याची जांभ्याची जमीन आणि दमट हवा त्यांस मानवते. आपल्या भारी काळ्या रानात व कोरड्या हवेत तसे फळ धरत नाही. देशावर लावावयाचा तर केशर बरा.

आता आमचा निर्णय. सवड दोनच दिवसांची असेल, अथवा घरात आजारी माणूस असेल, तर पौष-माघात वाई-महाबळेश्वर. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी अद्याप समुद्र पाहिला नसेल, तर इतर सर्व विचार बाजूस ठेवून ह्याच दिवाळीनंतर दापोली. डोंगर पुढेही पाहता येतील. दोन्ही प्रदेश एका फेरीत उरकण्याचा हव्यास धरू नये. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण घाटात दिवस मोडतो आणि माणसे शिणतात.

राहिली गुराढोरांची अडचण. ती दोन शेजाऱ्यांनी मिळून सहज सुटेल : ह्या वर्षी एकाने दुसऱ्याचा गोठा सांभाळावा, पुढील वर्षी दुसऱ्याने पहिल्याचा. हा करार आजच करावा आणि तारीख घरातील स्त्रियांस विचारून ठरवावी.