बसायला जागा

गावात पुरुषांनी बसायच्या जागा मोजायला घेतल्या तर बोटं पुरत नाहीत. वेशीजवळचा पार, मारुतीच्या देवळाचा ओटा, चावडी, सोसायटीची पायरी, एसटीच्या थांब्यापुढची चहाची टपरी. काही काम नसताना तिथे तासभर बसलेल्या बाप्याला कुणी ‘इथे कशाला बसलास’ म्हणून विचारत नाही. आता बायकांच्या जागा मोजाव्यात. आड, ओढ्यावरचा धुण्याचा दगड, जातं, शेताचा बांध. सगळ्या कामाच्या. घागर भरली की उठायचं, दळण सरलं की उठायचं. नुसतं बसायचं तर वर्षाकाठी संक्रांतीचं हळदीकुंकू. तिथेही विधवेला बोलावणं नसायचं आणि दलित वस्तीतल्या बाईपर्यंत तर ते पोचायचंच नाही.

‘महिला मंडळ’ म्हटलं की शहरातली माणसं थोडं हसतात. पाककृतींच्या स्पर्धा, उखाणे, एक सहल आणि अध्यक्षीणबाईंचं भाषण एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे येतं. आडवळणाच्या दुष्काळी मुलखात याच मंडळांनी हातपंप आणले, बाळंतपणं सुखरूप केली, बँकेची पायरी चढून दाखवली. पण या सगळ्याच्या आधी त्यांनी एक काम केलं, ज्याची नोंद कुठल्याच अहवालात नीट सापडत नाही. त्यांनी बाईला काम नसताना बसायला जागा मिळवून दिली. नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्याचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास पाहताना हे पदोपदी जाणवतं.

जामखेड हा जिल्ह्याचा आग्नेय कोपरा. बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांची शीव इथे जवळ येते. बालाघाटच्या उतरणी, पर्जन्यछायेतली हलकी रानं आणि पावसावर हवाला ठेवून केलेली ज्वारी. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डा याच तालुक्यातलं. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडीही इथलंच. तिच्याच नावाने आता जिल्ह्याचं ‘अहिल्यानगर’ झालं. जिने देशभर विहिरी आणि घाट बांधले, तिच्या माहेरच्या तालुक्यात १९७२च्या दुष्काळात बाया डोक्यावर घागर घेऊन मैलोन् मैल हिंडत होत्या.

या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षं काढलेली. तिथे त्यांच्या ध्यानात आलं होतं, की पेशंट बरा होऊन जातो आणि त्याच दुखण्याने पुन्हा येतो. दुखणं गावात आहे, दवाखान्यात नाही. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि जामखेडला गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांचा समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला. तेव्हा या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती.

पहिला बेत शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवण्याचा होता. तो फसला. बाहेरून आलेली तरणी पोर एकटी गावात राहायला धजत नव्हती आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाईचं ऐकून आपली रीत मोडायला गाव तयार नव्हतं. मग गावातलीच बाई आरोग्यसेविका म्हणून निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या बहुतेकजणी निरक्षर, मध्यम वयाच्या, कितीतरी दलित, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी विधवा. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणं नव्हतं, नेमक्या त्याच.

पुरुषांना एकत्र आणायला आरोळ्यांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. जाळी बांधली, चेंडू आणला, आणि एका बाजूला खेळताना सवर्ण-दलित हे भान तेवढ्यापुरतं सुटलं. त्या खेळातून शेतकरी मंडळं उभी राहिली. बायकांसाठी असा खेळ नव्हता. त्यांची मंडळं मागाहून आली आणि ती आरोग्यसेविकेच्या भोवती जमली.

या सेविका दर आठवड्याला शिकण्यासाठी जामखेडला यायच्या आणि मुक्काम करायच्या. सुरुवातीला जातीप्रमाणे वेगळं बसणं आणि वेगळं जेवणं चालूच होतं. मग सगळ्यांनी मिळून एक मोठी गोधडी शिवली आणि रात्री तिच्याखाली सगळ्याजणी एका रांगेत झोपू लागल्या. गोधडी म्हणजे काय असतं हे ज्यांच्या घरी ती शिवली गेली त्यांना सांगायला नको. विरलेली लुगडी, धोतराचे धडपे, पोरांच्या सदऱ्यांचे तुकडे, थरावर थर आणि वरून घट्ट धावदोरा. एकदा शिवली की कुठला तुकडा कुणाच्या घरचा हे उसवल्याशिवाय कळत नाही. स्पृश्यास्पृश्यतेवर व्याख्यानं पुष्कळ झाली होती, पण थंडीच्या रात्री पांघरूण आपल्याकडे ओढून घ्यायचं तर शेजारणीला चिकटून झोपावं लागतं, ही गोष्ट त्या गोधडीने शिकवली.

या बसण्या-झोपण्यातून काय निघालं त्याचं एकच उदाहरण जवळून पाहू. बाळ जन्मलं की पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळी नशीब लिहून जाते, अशी आपल्याकडे समजूत. पाचवी पुजताना पाटा-वरवंटा मांडतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आता वैद्यकाची बाजू. नाळ विळ्याने किंवा हाताला लागेल त्या धारेने कापली, वर राख किंवा शेण लावलं, तर धनुर्वाताचे जंतू आत शिरतात आणि बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्यांचा प्रताप दिसतो. बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा मिटतो, अंग कमानीसारखं ताठतं. म्हणजे सटवाई लिहून गेली आणि दोन-तीन दिवसांत बाळ गेलं. दोन्ही गोष्टी इतक्या बिनचूक जुळायच्या की आईने दुसरं काय समजावं? सटवाईने लिहिलेलं पुसायचं तर बाहेरच्या डॉक्टरचं ऐकणार कोण! सेविकेने सटवाईशी भांडण काढलं नाही. पाचवी पुजा, म्हणाली. फक्त नाळ कापायला नवं ब्लेड आणि बांधायला स्वच्छ दोरा घ्या, हात साबणाने धुवा, आणि गरोदरपणात सुई टोचून घ्या.

एकटी बाई असं सांगते तेव्हा ती आगाऊ ठरते. दहाजणी सांगतात तेव्हा ती गावची रीत होऊ लागते. मंडळाचं काम नेमकं हेच होतं. पोटुशी कोण आहे, कुणाच्या पोराला हगवण लागली आहे, कुणाची सासू सुनेला डाळ वाढत नाही, हे दवाखान्याच्या कुठल्याही तपासणीआधी मंडळाच्या बैठकीत कळायचं. मीठ-साखरेचं पाणी पाजायचं, जन्मल्याबरोबर आईचं पहिलं पिवळट दूध द्यायचं, या गोष्टी एकीने करून पाहिल्या की दुसरीला साक्ष मिळायची. १९७६पर्यंत बालमृत्यूचा तो १७६चा आकडा पन्नाशीच्या आसपास उतरला होता आणि नव्वदच्या दशकात तो विशीजवळ आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडचा प्रयोग मांडला. १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या, त्यांच्या मागे ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव होता त्यात जामखेड एक.

पाण्याची गोष्टही अशीच. दुष्काळात कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा जिथे जमेल तिथे ती दलित वस्तीत घेतली गेली. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आडापाशी लांब उभं राहून ओंजळीत पाणी पडायची वाट पाहिली, त्यांच्या दारात हातपंप आला आणि गावाला घागरी घेऊन तिथे यावं लागलं. हातपंपाच्या दांड्याला कुणाचाही हात लागतो. मंडळाची बैठक वस्तीत भरायला पुढे फारशी अडचण आली नाही, त्याचं एक कारण हा दांडा.

मग पैसा आला. चार शेळ्या, बांगड्यांची टोपली, आठवडी बाजारात विकायला सुकी मासळी, भाजीची पाटी, एवढ्यासाठी लागणारं भांडवल सावकाराकडून न घेता मंडळातून मिळू लागलं. एकीने फेडलं की दुसरीला. बुडवलं तर दहाजणींना तोंड दाखवायचं. हे तारण बँकेला हळूहळू पटलं.

पुढची गोष्ट साऱ्या महाराष्ट्राची. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’ स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डने ५०० गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला आणि बचत गटांची लाट आली. आज ‘बचत गट’ हा शब्द गावात ‘महिला मंडळा’पेक्षा रुळलेला आहे. दहा ते वीस बाया, वही, शिक्का, पेटी. गटाची पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशेब. तिच्यात पहिलं सूत्र बैठकीचं आहे, बचत दुसरी.

कागदावर पहिलं असलेलं हे सूत्र प्रत्यक्षात सर्वांत आधी गळतं. हप्ता वेळेवर गेला की गट चांगला ठरतो, मग बसायची गरज काय? वही घरोघर फिरते, सह्या होतात, पैसे गोळा होतात आणि महिन्याची ‘बैठक’ पार पडते. काही ठिकाणी तर खासगी वित्त कंपन्यांचा वसुलीवाला आला की बाया ओट्यावर जमतात आणि तो गेला की उठतात. पुन्हा एकदा, काम सरलं की उठायचं. कर्ज मिळालं याचं मोल कमी नाही. सावकाराचा विळखा ज्याने पाहिला तो ते कमी लेखणार नाही. पण कुणाच्या पोराला हगवण लागली आहे हे त्या वहीत कुठल्याच रकान्यात येत नाही.

जागा सुटली की काय होतं याचा सगळ्यात कडू पुरावा शेजारच्या बीड जिल्ह्यात मिळाला. दसरा-दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातली जोडपी उसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल आणि कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला खोपी. पहाटे चारला उठायचं आणि मोळ्या वाहायच्या. पाळीसाठी ना आडोसा, ना पाणी, आणि खाडा केला तर दंड. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. याला कारणं अनेक आहेत: गरिबी, लवकर लग्नं, खासगी दवाखान्यांनी दाखवलेली कॅन्सरची भीती. पण अंगावरून जातंय म्हणून घाबरलेल्या बाईला ‘थांब, आधी आपण विचारू’ म्हणणाऱ्या दहाजणी खोपीत नसतात. गावातली त्यांची बैठक सहा महिने मोडलेली असते.

याच्या उलट बाजूचा पुरावा जामखेडच्या गावांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रकल्पातल्या गावांची आजूबाजूच्या तशाच गावांशी तुलना केली गेली. एक महिना ते पाच वर्षं वयाच्या मुलांना मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. तोवर सरकारी आरोग्यसेवा दोन्हीकडे पोचली होती, म्हणजे हा फरक नुसत्या सुया-गोळ्यांचा नव्हता.

मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, रजनीकांत आरोळे २०११ साली. त्याच २०११पासून राज्यातल्या पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असंही कायदा सांगतो. म्हणजे जी जागा जामखेडच्या बायांनी गोधडी शिवून मिळवली, ती आता नियमात लिहिलेली आहे. पण नियमाची सभाही वही फिरवून होऊ शकते.

म्हणून एखाद्या गावी महिला मंडळाचं काम पाहायला गेलं तर शिल्लक किती, कर्ज किती, पापडाचं युनिट चालतं का, हे मागाहून विचारावं. आधी एवढंच विचारावं, की मागची बैठक कुठे झाली, किती वेळ चालली आणि उठायची घाई कुणाला होती? उत्तर देताना बाया एकमेकींकडे बघून हसल्या तर पुढचं सगळं वहीत आहेच.