पोटखराब्यातला सव्हाना

सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात एक शब्द हटकून भेटतो, पोटखराबा. जिथे नांगर चालत नाही ती जमीन खराब, इतका सरळ हिशेब. सोलापूर, नगर (आता अहिल्यानगर), साताऱ्या-सांगलीचा पूर्व भाग, पुण्याकडचं इंदापूर-बारामती या सगळ्या पट्ट्यात अशी हिशेबातून वगळलेली जमीन गावोगाव पसरलेली आहे. तिला कोणी माळ म्हणतं, कोणी बरड, कोणी गायरान. एसटीच्या खिडकीतून एप्रिलात पाहिलं तर पिवळट गवत, मुरूम, चार बोरी आणि एखादी बाभूळ. डोळा लागायला अगदी योग्य देखावा. घरी जाऊन मात्र आपण टीव्हीवर सेरेंगेटीचे झेब्रे पाहतो आणि तिथल्या निसर्गाचं कौतुक करतो.

तो टांझानियातला आणि हा सोलापूरजवळच्या नान्नजचा, दोन्ही सव्हानाच. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, स्पॅनिशांनी उचलला आणि जगभर नेला. अर्थ साधा आहे. खाली सलग गवत, वर विखुरलेली झाडं आणि झाडांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं. पृथ्वीवरच्या जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा असा आहे.

आपल्याकडे हा सव्हाना घडवला सह्याद्रीने. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. ढग घाट ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत निम्म्याहून अधिक रिकामे झालेले असतात, आणि सोलापूरच्या वाट्याला पाचशे-सहाशे मिलिमीटर येतात. तेही चार महिन्यांत, उरलेले आठ महिने कोरडे. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, त्यावर वीतभर माती. २००५ साली बंगळुरूचे शास्त्रज्ञ महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या सव्हानांचा मोठा अभ्यास ‘नेचर’मध्ये मांडला. वर्षाला सुमारे ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांची गर्दी पाणीच होऊ देत नाही. त्याहून जास्त असेल तर वणवा आणि चरणारी जनावरं झाडांना आवरून धरतात, असा त्यांचा निष्कर्ष. तो आकडा आफ्रिकेचा आहे, इथे जसाच्या तसा लावू नये. पण सोलापूरचा पाऊस कुठल्या बाजूला पडतो ते वाचकाला दिसतंच.

या देशाचा खरा मालक गवत. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी. ही उन्हाळी गवतं ज्या पद्धतीने अन्न बनवतात तिला शास्त्रज्ञ सी-फोर म्हणतात. पानात कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून ठेवायचा आणि मग वापरायचा, म्हणजे कडक उन्हात कमी पाण्यावर भागतं. ज्वारी, बाजरी आणि ऊस याच पंथातले. ज्वारी-बाजरी तर मूळच्या आफ्रिकेतल्या सव्हानाच्याच गवतांपासून माणसाने घडवलेली पिकं, त्यामुळे मंगळवेढ्याची मालदांडी भाकरी खाणारा माणूस सव्हानाचंच गवत चावत असतो. या गवताला एकच गोष्ट सोसत नाही, सावली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यातही माझी आवडती कुसळी. लोकांना ती पायमोज्यात घुसते म्हणून माहीत, आणि म्हणीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात असते. पण तिचं बी हातात घेऊन नीट पाहा. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि मागे लांब पीळदार शेपूट. दव पडलं की शेपटीचा पीळ सुटतो, ऊन चढलं की पुन्हा आवळतो. दर वेळी बी थोडं फिरतं, मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. असं गिरमिटासारखं फिरत फिरत ते स्वतःला जमिनीत गाडून घेतं, आणि वणवा वरून निघून जातो. मेंढीच्या लोकरीत अडकलं तर हाच पीळ कातडीत शिरतो; धनगरांना विचारा, ते कुसळीबद्दल इतक्या प्रेमाने बोलणार नाहीत.

झाडंही ओळखीचीच निघतात. बोर, बाभूळ, खैर, पांढऱ्या सालीचा हिवर, पिवळ्या फुलांचा तरवड. दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो आपटा आणि शस्त्रांबरोबर पुजतो ती शमी, दोन्ही उघड्या रानातली. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचं म्हणून जे झाड दाखवतात ते तरटीचं, काटेरी, कोरड्या माळावरचं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी नेमका हाच धागा धरला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, लोकगीतं त्यांनी वाचून काढली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या ठिकाणी कोणतं झाड सांगितलंय याची नोंद केली. २०२५ साली छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ४४ रानटी वनस्पती सापडल्या. त्यातल्या २७ सव्हानाच्या आणि खऱ्या जंगलाच्या फक्त ३. म्हणजे ‘इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, इंग्रजांनी तोडलं आणि माळ झाला’ ही शाळेपासून ऐकलेली गोष्ट निदान या पट्ट्याला लागू नाही. संतकवींच्या काळीही इथे माळच होता.

प्राण्यांचं सांगायचं तर इथे लपायला जागा नाही, म्हणून प्रत्येकाने दुसरी युक्ती शोधली. काळवीट पळतो. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून त्याच्यासाठी राखलंय, क्षेत्र जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. बारामतीजवळ मयूरेश्वर-सुपे चिंकाऱ्यासाठी, तेही ५.१५ चौरस किलोमीटरच. खोकड बिळात जातं, धाविक पक्षी मातीच्या रंगात विरघळतो, चंडोल जमिनीवर अंडी घालून आकाशात गातो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात, गवतावर तरंगत टोळ टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात.

लांडगा तर या माळाचा वाघच. तो मेंढरू उचलतो, धनगर शिव्या घालतो, कुत्री अंगावर सोडतो, पण वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, हलला की लांडगाही मागोमाग सरकतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे भांडखोर शेजारपण आहे. आता धोका वेगळ्या बाजूने येतोय. गावाच्या उकिरड्यांवर पोसलेली मोकाट कुत्री माळावर वाढली आहेत, आणि पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय.

माळढोकाची हकीकत याहून कडू. १९७९ साली त्याच्यासाठी सोलापूर-नगरमध्ये तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. कागदावरच्या या उदारपणाने झालं इतकंच की शेतकऱ्याला पक्षी डोळ्यांत सलू लागला. २०१२ मध्ये क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर पक्षी जवळजवळ संपले होते. वर्षाकाठी सहसा एकच अंडं घालणारा, उडताना समोरच्या विजेच्या तारा वेळेत न दिसणारा हा पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी आज रानात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात.

माळाचे शत्रू नेहमी वाईट हेतूचे नसतात, ही यातली अवघड गोष्ट. आपल्या सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात असे माळ ‘पडीक’ म्हणूनच रंगवलेले असतात, आणि पडीक म्हटलं की काहीतरी करायलाच हवं. मग सलग समतल चर खणले जातात, त्यांच्या बांधांवर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लागते, फोटो निघतात. झाडं वाढली की सावली येते, सावलीत पवना-मारवेल मरतो, चंडोल आणि काळवीट निघून जातात. चराईबंदी झाली की धनगरांचा वाडाही जातो. हवेतला कार्बन शोषायला झाडं हवीत असं म्हणावं, तर सव्हाना आपला बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवतो. तिथे वणवा पोचत नाही, खड्डे खणणारं यंत्र मात्र पोचतं.

झाडं लावण्याला माझा विरोध नाही. शहरातल्या रस्त्यांना, बोडक्या शाळांना, तोडलेल्या घाटांना ती हवीतच. पण येत्या जुलैत वृक्षारोपणाचं आमंत्रण आलं तर खड्डे कुठे खणलेत, एवढं आधी विचारा. माळावर असतील तर तिथल्या एखाद्या मेंढपाळाला गवतांची नावं विचारत तासभर बसा, आणि रोप घरी आणून आपल्या दारात लावा.